मूळ आलं का?

तुम्हाला न्यायला कधी मूळ आलं होतं का हो?

तुम्ही शहरात वाढलेल्या, तुम्हाला हा शब्द माहीत नसेल. पूर्वी लग्न झालेली मुलगी आपली आपण उठून माहेरी जात नसे. माहेरचं कुणीतरी, भाऊ नाहीतर चुलता, तिला न्यायला यायचं. त्या माणसाला मूळ म्हणायचे. मूळ आलं की पोरगी निघायची. परत जायचं तरी तसंच. सासरचं मूळ आल्याशिवाय तिनं माहेरचा उंबरा ओलांडायचा नाही. माझ्या आईच्या वेळेपर्यंत हे असंच चाललं. मग एसटी झाली, मोबाईल आले आणि शब्द मागे पडला.

बसा ना. खिडकीपासून जरा अलीकडे बसा. आमच्या भोरात पाऊस लागला की लाईटचा भरवसा नाही, म्हणून ही चार्जिंगची बत्ती जवळ घेऊन ठेवते. आणि पोरीनं आणून दिलेलं ते पाण्याचं भांडं... प्यायला नाहीत ना अजून? राहू द्या तसंच. मी चहा करते आपल्याला.

मागच्या भिंतीवरची ती वेल सुंदर आहे, मी कुठं नाही म्हणते. बोळातून जाणारा प्रत्येक माणूस मान वळवून बघतो. त्या भिंतीला उन्हाची तिरीपसुद्धा लागत नाही, तरी वेल बारा महिने हिरवी आणि फुलांचे झुबकेच्या झुबके. तुम्ही दारातूनच म्हणालात, "काकी, मला हिचं मूळ द्याल का लावायला?" म्हणून तर तुम्हाला हाताला धरून आत आणलं. त्या बोळात उभं राहून तो शब्द बोलायचा नाही. काडी म्हणा, फांदी म्हणा. मी तो शब्द बोलले होते. काय झालं ते सांगते, मग काडी न्यायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

तीन वर्षं झाली. नूतन, माझी एकुलती एक मुलगी, डिसेंबरात तिचं लग्न झालं. जावई इंद्रजित, हडपसरला कंपनीत, मुलगा चांगला. नूतनला लगेच दिवस राहिले आणि चौथ्या महिन्यात ती रिकामी झाली. मे महिना होता. इंद्रजितनं स्वतः तिला आणून सोडलं. "आई, जरा माणसात येऊ द्या तिला," म्हणाला, आणि दाराबाहेर जाऊन डोळे पुसले त्यानं.

नूतनचे वडील गेल्यापासून घरात मी एकटीच होते. शाळेचे गणवेश शिवते, त्यावर भागतं. नूतनला मागच्या खोलीत झोपवलं, तिथं जरा गार असतं. पण त्या खोलीच्या खिडकीसमोर हा बोळ आणि बोळापलीकडे ती भिंत. शेजारच्यांनी वर मजले चढवल्यापासून तिच्यावर ऊन नाही. ओल धरलेली, शेवाळानं काळी पडलेली. पोरगी दिवसभर त्या भिंतीकडे तोंड करून पडायची.

एकदा म्हणाली, "आई, ही भिंत बघितली ना की दवाखान्यातली भिंत आठवते. हिच्यावर काहीतरी हिरवं लाव ना."

बाळ गेल्यापासून तिनं मागितलेली ही पहिली गोष्ट. मी तशीच पिशवी घेऊन स्टँडमागच्या पप्पूच्या नर्सरीत गेले.

"सावलीत वाढणारी, बारमाही हिरवी आणि वर फुलं येणारी वेल पाहिजे तुम्हाला?" पप्पू हसायलाच लागला. "काकी, तशी सून पण मिळत नाही हल्ली. जाईला ऊन लागतं, मधुमालतीला तर लईच लागतं. मनीप्लांट न्या. फुलांचं तेवढं विसरा."

मनीप्लांट नूतनला आवडला नाही. "दुकानातल्या काउंटरवर असतो तसला," म्हणाली. आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपली.

त्याच आठवड्यात मी तूप आणायला गेले. माझ्या चुलत नणंदेचं, सगुणावन्संचं घर भाटघरच्या पाण्याच्या पार वरच्या अंगाला आहे, वेल्ह्याच्या डोंगराखाली. त्यांच्या घरच्या गाईचं तूप. रिकामी झालेल्या बाईला बाळंतिणीसारखंच खाऊ घालावं लागतं, म्हणून त्यांनी बरणी भरून ठेवली होती. जेवण झालं, गप्पा झाल्या, दुपार कलली तशी मी निघाले. फाट्यावर एसटी धरायची होती.

मेमध्ये धरणाचं पाणी खाली जातं ते तुम्ही पाहिलंय का? नुसता करडा गाळ उघडा पडतो, भेगाळलेला. त्यातून चालत गेलं की फाट्याचा मोठा वळसा वाचतो. मी तसंच उतरले. कुठं झाड नाही, माणूस नाही, पायाखाली शिंपले कुरकुरत होते. वारा पडला होता. मध्येच एक चौथरा लागला आणि त्याच्यावर एकच भिंत उभी. काळ्या दगडाची, कमरेपर्यंत गाळाचे थर चढलेली. सावलीच्या बाजूनं ती भिंत वरपासून खालपर्यंत हिरवीगार होती.

मी थबकलेच. जाड, चकचकीत पानं, तेल लावून पुसल्यासारखी. पांढऱ्या फुलांचे झुबके, मेणाची करावीत तशी, आतून जराशी गुलाबी. दांड्याला जागोजाग बारीक मुळं फुटलेली आणि ती दगडात घट्ट रुतलेली. माझ्या मनात एकच आलं, हे नूतनच्या खिडकीसमोर. बाकी काही नाही. सगळा मुलूख वाळून गेलाय आणि ही एकटी हिरवी कशी, हा विचार मला शिवलासुद्धा नाही.

जवळ सुरी नव्हती. हातानंच एक दांडा ओढायला लागले. पांढरा चीक बोटांना लागला. तेवढ्यात भिंतीपलीकडून बाईमाणसाचा आवाज आला.

"कोन हाय?"

मला ओशाळल्यासारखं झालं. कुणाच्या तरी घरचं न विचारता घेत होते ना. मी म्हटलं, "मी भोरची, बाई. मूळ न्यायला आले होते जरासं."

मग अगदी हळू, जवळून, जणू दगडाला तोंड लावून बोलावं तसं...

"मूळ? मूळ आलं का?"

दांडा तेव्हाच मुळासकट सुटून माझ्या हातात आला होता. मी हसून म्हटलं, "आलं की! चांगलं लांब आलंय."

"लई वाट बघाय लावली गं."

मला वाटलं, चेष्टा करतेय. गावाकडच्या बायका बोलतात तशी. मीही म्हटलं, "तुमचीच वेल, तुमचाच मान. या की एकदा आमच्या घरी, बघायला."

"आता येतेच की. थांब जरा. लुगडं बदलते."

मी थांबले, खरंच थांबले. बाईला तिकडंच कुठं जायचं असेल, बरोबर चालू, असं वाटलं. पण पलीकडे कसलीच हालचाल होईना. बांगडी वाजेना. शेवटी मी भिंतीला वळसा घालून मागं गेले.

मागं काही नव्हतं. घर नाही, दार नाही, आडोसा नाही. भेगाळलेला गाळ लांब पाण्यापर्यंत गेलेला, आणि त्याच्यावर पाऊल म्हणून उमटलेलं नव्हतं. माझं तेवढं.

मी तिथून पळाले असं म्हणणार नाही. पण भराभर चालले. एसटीत बसल्यावर हसूसुद्धा आलं मला माझं. उन्हानं कान वाजले असतील. दांडा फडक्यात गुंडाळून मांडीवर घेतला होता. भोर येईपर्यंत त्या फडक्यातून थेंब थेंब पाणी गळत राहिलं आणि माझं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं. उतरताना लक्षात आलं, फडकं कोरडं होतं. भिजवायला माझ्याकडे पाणीच नव्हतं.

दांडा भिंतीच्या बुडाशी खोचला. चार दिवसांत त्याला पालवी आली. मृगाचा पाऊस सुरू झाला तोवर वेल खिडकीच्या उंचीला भिडली. पप्पू मुद्दाम बघायला आला. "काकी, हे माझ्या नर्सरीत का नाही?" म्हणाला, आणि मग त्यानं डोकं खाजवलं. "वेल उजेडाकडं जाती, काकी. वर आभाळ मोकळं हाय. ही तिकडं न जाता खिडकीकडं का वळलीय?" त्यानं एक शेंडा धरून वर आभाळाकडे वळवला, सुतळीनं बांधला. सकाळी सुतळी खाली पडलेली आणि शेंडा खिडकीच्या गजाला गुंडाळलेला.

पण नूतन उठून बसायला लागली हो! जेवायला लागली. आरशात बघून वेणी घातली तिनं. संध्याकाळी फुलांचा वास खोलीत भरायचा, गोड, जड, आणि त्याच्या खाली गाळाचा एक बारीक वास. मला तो जाणवायचा, पण पोरगी हसत होती. मी वासाकडे कशाला लक्ष देते?

मग एका संध्याकाळी मशीनवरून उठले तर मागच्या खोलीतून बोलणं ऐकू आलं. मला वाटलं, फोनवर असेल. दारातून पाहिलं तर फोन चार्जिंगला लावलेला आणि नूतन खिडकीच्या गजांना कपाळ टेकवून बसलेली.

"कुणाशी बोलतेस गं?"

"ताईशी."

"कोण ताई?"

"अगं, ती भिंतीजवळची. पहिल्यांदाच माहेरी आलीय ती लग्नानंतर. तिचं पण बाळ गेलंय, आई." नूतन शांतपणे सांगत होती. "ती विचारते, आये माझ्याशी बोलत का नाही?"

आमच्याकडे आता आये कुणी म्हणत नाही. नूतनचे वडील त्यांच्या आईला म्हणायचे, जुनं माणूस. नूतन मला आई म्हणते, जन्मापासून. मी खिडकी लावून घेतली. त्या दिवसापासून दिवेलागणीला, मी तुळशीपाशी दिवा लावला की मागून हाक यायची. आधी हळू. मग रोज.

"आये... ए आये..."

मी सगुणावन्संना फोन लावला. सहज विचारते असं दाखवून विचारलं, "वन्सं, तुमच्या खालच्या गाळात एक भिंत आहे ना, तिच्यामागं कोण राहतं?"

"कुठली भित? चौथऱ्यावरची? आवं वयनी, तितं कोन ऱ्हानार? पान्यातली जागा ती. तुमी आलता तवा आठ दिस झालं नव्हतं तिला उघडी पडून."

"तिच्यावर वेल आहे..."

"भितीवर? वयनी, बरं हाय न्हवं तुमाला? वरसातलं धा महिनं ती पान्याखाली असती. शेवाळ बी टिकत न्हाई तिच्यावर."

मग त्यांनीच आवाज खाली आणला. "तुमाला काय दिसलं का तितं? आमची म्हातारी सांगायची, धरनाचं पानी पयल्यांदा चढलं तवाची गोष्ट. समदी घरं उठली. त्या घरची नवी सून हाय का, ती उठंना. पंचमीला म्हायेराहून मूळ येनार, म्या गेले आन् मूळ येऊन माघारी गेलं तर? म्हनून भितीमागं बसून ऱ्हायली. सासरा तिला आनाय माघारी गेला. त्यो बी न्हाई आला आन् ती बी न्हाई. मूळ काय आलंच न्हाई तिला."

फोन ठेवला. माझं वाक्य मला परत परत ऐकू येत होतं. मूळ न्यायला आले होते. आलं की, चांगलं लांब आलंय. या की आमच्या घरी. म्हणजे तिला न्यायला मूळ आलं होतं. ते मूळ मी होते. आणि मी तिला माहेरी आणलं होतं.

दुसऱ्या दिवशी नूतनच्या सासूबाईंना फोन केला. म्हटलं, तिला आताच घेऊन जा, इथं ओल फार आहे, तब्येतीला बरं नाही. त्या समजूतदार बाई आहेत, पण म्हणाल्या, "आवो, आखाड लागला की परवा. पहिल्या आखाडात नवी सून आणत नाहीत आमच्यात. एवढं वाईट झालंय, आता आणखी काही नको वाटतं. पंचमी होऊ द्या. इंद्रजितला रजा नाही, त्याचे थोरले चुलते, गेनबाकाका, येतील न्यायला. त्यांच्याकडं मोबाईल नाही, पण येतील बरोबर."

नूतनला म्हटलं, चल, आपण दोघी माझ्या बहिणीकडे जाऊ. ती उठून उभी राहिली आणि घेरी येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, अंगात रक्त नाही, प्रवास नको. मग काय करणार होते मी?

एका दुपारी कोयता घेऊन बोळात गेले. भरपावसात भिंतीचा एक दगड दिसत नव्हता, नुसती पानं. मी बुडाशी दांड्यावर कोयता टेकवला, अजून मारलासुद्धा नव्हता. पांढरा चीक धारेनं वाहायला लागला. आणि पानांच्या आतून, माझ्या गुडघ्याच्या उंचीवरून, कुणीतरी खाली दडून बसल्यासारखं...

"आये, लागतंय."

माझ्या हातून कोयता सुटला. तुम्हाला सांगते, मला भीती वाटली, पण त्याहून जास्त कीव आली. नूतन दवाखान्यात तशीच म्हणाली होती. मी तिथंच पावसात उकिडवी बसले आणि हात जोडले.

"बाई, तू परत जा गं. मी तुझी आई नाही. चुकून झालं."

पानं हलली नाहीत. आवाज तेवढा आला, समजावून सांगावं तसा.

"सासरचं मूळ आल्याबिगर पोरगी म्हायेराहून जाती व्हय?"

पंचमीला नूतननं मेंदी लावली. तिच्या हातावर काढून झाली आणि मी पाहिलं, ती कोन घेऊन गजाबाहेर हात काढून बसलीय आणि हलक्या हातानं, वाकून, काहीतरी काढतेय. त्या दिवशी कापायचं नसतं, खणायचं नसतं. नाहीतर मी तेव्हाच ती वेल उपटली असती, असं मी स्वतःला सांगते. पण उपटली नसती. मला माहीत आहे.

पंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून पाऊस. धरण भरत आलंय, दरवाजे सोडणार, असं गल्लीत बोलत होते. मी नूतनची बॅग भरून ठेवली होती, ओटीचं सामान ताटात काढलं होतं. आज ना उद्या गेनबाकाका येतील, पोरगी एकदा इथून जाईल, एवढाच माझा जप चालला होता. संध्याकाळी लाईट गेली. दिवा लावायला मी काडी ओढली आणि मागच्या दारी कुणीतरी खाकरलं.

मी दार उघडलं. बोळात, वेलीला लागून, एक म्हातारा उभा. डोक्यावरून घोंगडीची खोळ, तोंड दिसत नव्हतं. खोळीतून पाणी गळत होतं.

"पोरीला न्ह्याय आलोय."

माझा जीव भांड्यात पडला हो. "गेनबाकाका ना? अहो, पुढच्या दारानं यायचं. या, आत या, चहा टाकते."

"नगं. पानी चढतंय. पोरीला धाडा."

मी म्हटलं, "रस्त्यावर पाणी आलंय का? मग थांबा की रात्रीपुरते."

"रस्त्याव न्हाई," म्हातारा म्हणाला. "दारात आलंय आमच्या. भित बुडायच्या आत जायाचंय. म्या मूळ हाय. धाडा."

तेव्हा मला कळलं, हा कोण. आणि खोटं कशाला बोलू, मला भीती वाटायच्या आधी हायसं वाटलं. तिचं मूळ आलं होतं. आता ती जाईल. तीच म्हणाली होती ना? मी ओटीचं ताट उचललं. नूतनसाठी काढलेलं तांदूळ, खोबरं, खण, सगळं तिच्या ओटीत घालीन म्हटलं. कुणाची का असेना, लेक आहे, रिकामी पाठवायची नाही.

मागच्या खोलीत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नव्हतं. फुलांच्या वासानं श्वास कोंडत होता. मी दारातूनच म्हटलं, "बाई, तुझं मूळ आलंय."

अंधारातून कुणीतरी माझा उजवा हात धरला. मेंदीचा वास आला. बांगड्या वाजल्या.

एक हुंदका ऐकू आला.

मग डावा हात कुणीतरी धरला. मेंदीचा वास आला. बांगड्या वाजल्या. तिकडूनही हुंदका.

ताट खाली पडलं. मी म्हटलं, "नूतन? तू कोणत्या बाजूला आहेस? बोल, बाळा..."

दोघी रडत होत्या. नुसत्या रडत होत्या. रडण्यात आई आणि आये काही वेगळं होत नाही हो. मी दोन्ही हात चाचपले. दोन्ही गार. दोन्ही ओले. नूतनचे हात त्या आजारात गारच असायचे, आणि रडून ओले झाले असतील... मी काय करू? मी दोन्ही घट्ट धरून उभी राहिले.

मागच्या दारातून म्हातारा म्हणाला, रागानं नाही, थकून गेल्यासारखा, "कोनती का हुईना. येक धाडा. रिकामा गेलो तर घर इचारंल मला."

"नाही," मी म्हटलं. "नाही... तुमची तुम्ही ओळखून न्या. माझी सोडा..."

"आमाला बी अंधारात काय दिसतंय, बाई."

किती वेळ गेला माहीत नाही. पाऊस वाजत होता. मग एक हात माझ्या हातातून सुटला. कुणी ओढला नाही. ओढला असता तर मी जीव गेला तरी सोडला नसता. त्या हातानं आपणहून बोटं सैल केली, माझ्या तळव्यावर एकदा थोपटल्यासारखं केलं आणि अलगद निघून गेला. उजवा की डावा, हे मला आजही सांगता येत नाही. मी पुढच्याच क्षणी दोन्ही हातांनी राहिलेला हात छातीशी धरला होता.

बोळातून दोन माणसं पाण्यातून चालत गेल्याचा आवाज आला. बोळात पाणी नव्हतं.

लाईट आली तेव्हा माझी नूतन माझ्यासमोर बसली होती. तोच गाऊन, तीच वेणी, तीच हनुवटीवरची खूण. मी तिला पोटाशी धरलं, देवाचे आभार मानले. मला वाटलं, त्या बिचारीला कळलं. मूळ आलं, ती समजून गेली. मुलगी चांगल्या घरची होती. जाताना थोपटून गेली. नूतन काही बोलली नाही, मिटल्या डोळ्यांनी माझ्या मांडीवर झोपली. दमली असेल, म्हणून मीही बोलायला लावलं नाही.

दर वर्षी मेमध्ये ही त्या गाळात कशाला जाते, असं गल्लीत विचारतात. भिंत उघडी पडली की मी जाते. सावलीच्या बाजूला उभी राहते आणि मोठ्यानं म्हणते, नूतन, मूळ आलंय गं, तुझी आई आलेय. पलीकडून अजून उत्तर आलेलं नाही. भिंत कोरडी असते, तिच्यावर वेलीची खूणसुद्धा नसते. पण तिथं वास येतो, मेंदीचा.

आणि त्या रात्रीनंतरचं विचाराल तर, दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं गेनबाकाका आले. पुढच्या दारानं आले, हातात नारळ होता, पांढरी टोपी, हसतमुख माणूस. "चल गं नूतन, सगळी वाट बघतायत," म्हणाले. ती माझ्या पाठीमागे येऊन उभी राहिली. माझा पदर तिनं मुठीत धरला, तो ओला झाला, आणि ती माझ्या कानाशी म्हणाली, "आये, मला नगं धाडूस." मी गेनबाकाकांना चहा दिला आणि सांगितलं, आज नाही पाठवत.